आप्पांचं निवेदन

शहराला पाणी पुरवणाऱ्या कंपनीत ताईचं नेमकं काम काय, असं कुणी आत्याला विचारलं की आत्या म्हणायची, "पाणी येणार नसलं की ती तसं लिहून देते." यात चूक काही नव्हती, पण एवढ्यासाठी कुणी पगार देत असेल हे ऐकणाऱ्याला पटत नसे. मग आत्या आवाज खाली आणून पुढं जोडायची, "साहेब लोकांना बोलता येत नाही ना. त्यांचं सगळं हीच बोलते." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

ताई हे खरं तर तिचं घरातलं नाव. तिच्या धाकट्या भावानं ते पाडलं, आणि ऑफिसातही आधी शिपाई, मग टायपिस्ट आणि शेवटी मुख्य अभियंतेसुद्धा तिला ताईच म्हणायला लागले. जनसंपर्क विभागाची खोली पंपघराच्या अंगाला होती. पंप चालू असले की टेबलावरच्या चहावर दिवसभर बारीक थरथर उमटत राही आणि पंप बंद पडले की चहा स्थिर होई. फोन यायच्या आधी ताईला कपाकडं बघून कळायचं की आज आपल्याला काम लागणार.

तिला हे काम शिकवलं ते तिच्या पहिल्या साहेबांनी. ते कधीच निवृत्त होऊन गेले, पण त्यांचं एक वाक्य ताईच्या हाडीमाशी मुरलं होतं. ते म्हणायचे, "माणसाला काय म्हणायचंय हे विचारत बसू नकोस. तो तासभर बोलेल आणि त्यात कामाचं एक वाक्य सापडणार नाही. तू लिही, त्याच्यासमोर ठेव. तो हो म्हणेल. हो म्हणाला की ते त्याचं झालं."

सुरुवातीला ताईला ही शुद्ध लबाडी वाटली होती. मग तिनं मुख्य अभियंत्यांना बोलताना ऐकलं. मोठी जलवाहिनी फुटली, अर्ध्या शहराच्या नळांना हवा येत होती आणि हा माणूस पत्रकारांना सांगत होता, "व्हॉल्व्ह गेला. जुना होता. मी सांगितलं होतं." ताईनं लिहून दिलं, 'नागरिकांच्या गैरसोयीची आम्हाला पूर्ण जाणीव असून दुरुस्तीचे काम युद्धपातळीवर सुरू आहे, असे मुख्य अभियंत्यांनी सांगितले.' त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला. "हो हो. हेच म्हणायचं होतं मला," ते म्हणाले. पुढं पुढं ते तसंच बोलायलाही लागले. जेवायला उशीर झाला की घरी म्हणतात, तुझ्या गैरसोयीची मला पूर्ण जाणीव आहे, अशी तक्रार त्यांच्या बायकोनं एका समारंभात ताईकडं केली होती.

खोटं ती लिहीत नसे, हेही सांगितलं पाहिजे. ज्याच्या तोंडी वाक्य घालायचं त्याच्याशी ती आधी दोन शब्द बोलायची, त्याच्या चालण्या-बसण्याकडं बघायची, आणि मग असं लिहायची की त्या माणसाला आपल्याच पोटातून काढलंय असं वाटावं. एका पंप ऑपरेटरला निरोपाचं भाषण तिनं लिहून दिलं तेव्हा तो वाचता वाचता रडला. विभागप्रमुख झाल्यावर नव्या मुलींना ती साहेबांचं वाक्य शिकवायचीच, पण त्याला स्वतःचं एक जोडायची. घर असो की कंपनी, संकटात चार तोंडांनी चार गोष्टी बोलू नयेत. एकच तोंड, एकच निवेदन.

तिच्या या कर्तृत्वाचं कौतुक नसलेला माणूस जगात एकच होता, तो म्हणजे तिचा बाप.

आप्पा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना, सगळं भाड्यानं घेतलेलं. बायको गेल्यावरही ते तिथंच एकटे राहिले. हाताला मशिनच्या तेलाचा वास, आणि तोंडात पहिलं उत्तर कायम 'नाही'. गिऱ्हाईक विचारायचं, दुरुस्त होईल का? आप्पा न बघताच म्हणायचे, "नाही." गिऱ्हाईक मशिन उचलायला लागलं की म्हणायचे, "ठेवून जा." ताईला पहिली नोकरी लागली तेव्हाही नाहीच म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिच्या सायकलच्या चेनला त्यांनीच तेल घातलं. त्यांचं नाही हे दाराच्या कडीसारखं होतं. आधी ती वाजायची, मग दार उघडायचं. घरातल्यांना ते पाठ होतं.

वर्तमानपत्रात ताईनं लिहिलेलं काही आलं की ते चष्मा पुसून वाचायचे आणि रविवारी ती घरी आली की तिची हजेरी घ्यायचे. "युद्धपातळीवर म्हणे. नळ फुटल्यावर माणूस शिवी देतो. हा तुझा साहेब शिवी देत नाही?"

"देतो की. पण ती छापत नाहीत आप्पा."

"मग तो बोलला काय आणि छापलं काय," म्हणून ते कागद तिच्या अंगावर टाकायचे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस.

एका सकाळी दुकानात मशिनचं चाक फिरवून बघता बघता ते खाली कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. म्हणजे अगदी सगळी गेली नाही. शुद्धीवर आल्यावर ताईनं विचारलं, "आप्पा, मी दिसतेय ना?" आणि आप्पा स्वच्छ, खणखणीत म्हणाले, "हो."

सगळ्यांना आनंद झाला. संध्याकाळपर्यंत तो विरला. डॉक्टर म्हणाले की कधी कधी सगळे शब्द जातात आणि एखादाच उरतो, तो का उरतो ते सांगता येत नाही. पाणी हवंय का, हो. दुखतंय का, हो. आत्या आधी हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली. "उभ्या जन्मात कधी सरळ हो म्हणाला नाही गं दादा," ती म्हणाली, "आणि आता हेच उरलं त्याच्या तोंडात."

महिना संपत आला आणि दवाखान्यानं सांगितलं, आता यांना हलवा. कुठं, हा प्रश्न उभा राहिला आणि घराला तोंडं फुटली. धाकटा दुसऱ्या शहरात राहायचा. तो दोन दिवस येऊन गेला आणि मग तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायला लागला. "आप्पा माझ्याकडे येतायत. मी विचारलं त्यांना, ते हो म्हणाले." आत्या म्हणाली, "काही नको. दादाला त्याच्या घरीच न्यायचं. मी विचारलं, घरीच जायचं ना रे? हो म्हणाला." भावजयीचं म्हणणं पडलं की त्यांना ताईंकडंच राहायचंय, त्यांचा जीव मुलीतच आहे, तिनंही व्हिडिओ कॉलवर विचारून घेतलं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन आप्पा तीन ठिकाणी राहायला निघालेले असायचे.

ताईला या सगळ्यांचा राग आला. बापाच्या तोंडात आपलं वाक्य कोंबायचं आणि त्यानं हो म्हटलं की टाळी घ्यायची, ही काय पद्धत झाली? विचारायला येत नाही लोकांना. हे काम नीट करू शकेल असं या घरात एकच माणूस होतं आणि ते दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून चुलत-मामेबहिणींचे फोन घेत होतं.

दुपारी भेटायच्या वेळात ती पॅड घेऊन आप्पांच्या पलंगाशी बसली. आधी तिनं बराच वेळ त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. आप्पांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते? छोटी वाक्यं. आर्जव नाही. दर वाक्यात एक नकार. मग तिनं लिहिलं, आणि लिहिताना तिचा हात अडला नाही.

'मला जिना चढवत नाही. मला कुणाच्या घरात पाहुणा होऊन राहायचं नाही, मुलाच्या नाही आणि मुलीच्याही नाही. दवाखान्यामागच्या शुश्रूषा केंद्रात मला ठेवा. दुकान आणि वरच्या खोल्या मालकाला परत देऊन टाका. मशिनं ज्यांची त्यांना पोचवा, एकही राहता कामा नये. माझ्यापुढं कुणी रडायचं नाही, मला ते ऐकवत नाही.'

तिनं वाचून दाखवलं. आप्पा तिच्या ओठांकडं बघत होते. मशिनं ज्यांची त्यांना पोचवा, या शब्दांशी त्यांचे डोळे भरून आले. "हो," ते म्हणाले. "हो. हो." आणि डाव्या हातानं त्यांनी कागदावर थोपटलं. तरी ताईनं कुचराई केली नाही. एकेक वाक्य पुन्हा सावकाश वाचलं आणि दर वाक्याला विचारलं, हे बरोबर? दर वाक्याला हो आलं. इतकी काळजीपूर्वक मंजुरी तिनं आजवर मुख्य अभियंत्यांकडूनही घेतली नव्हती. दवाखान्याच्या आवारातूनच तिनं तो मजकूर ग्रुपवर टाकला.

धाकट्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता. "ताई, अगदी आप्पांचेच शब्द गं. एकही राहता कामा नये म्हणे." आत्या म्हणाली, "कानात दादाचाच आवाज आला बघ." भांडण मिटलं. जो तो एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. आप्पांनी मागितलेलं नेमकं ताईच्या सोयीचं निघालं होतं. तिचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आज चालू तर उद्या बंद, आणि नोकरी अशी की पाणी गेलं की हिनं हजर व्हायचं. पण तिला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. तिच्या कामात नेहमी तसंच व्हायचं. मुख्य अभियंत्यांच्या मनात जे असायचं ते कंपनीच्या सोयीचंच निघायचं.

मग सगळं भराभर झालं. धाकटा रजा घेऊन आला आणि भाऊबहिणीनं मिळून दुकान रिकामं केलं. मशिनं ज्यांची त्यांना पोचली. मालक तर वाटच बघत होता. त्यानं लोखंडी जिना काढून मागच्या बाजूनं नवा घातला, मधली भिंत पाडली आणि तिथं चष्म्याचं दुकान आलं, वर डोळे तपासायची खोली.

शुश्रूषा केंद्रातली खोली वाईट नव्हती. स्वच्छ पलंग, धुता येणारे पडदे, आणि खिडकीतून दिसणारं गाड्या लावायचं आवार. पहिल्या दिवशी आप्पांनी पायातल्या चपला काढू दिल्या नाहीत. केंद्रातल्या आयांनी काढायला घेतल्या की पाय आखडून घ्यायचे. दिवसभर ते पलंगाच्या कडेला दाराकडं तोंड करून बसून राहिले, बस यायची असावी तसे. दुसऱ्या दिवशीही तसेच. जागा नवीन आहे, रुळतील, असं ताईनं आयांना सांगितलं आणि स्वतःलाही.

तिथं आठवड्यातून काही वेळा एक स्पीच थेरपिस्ट यायची. पन्नाशीची, धिप्पाड, शाळेतल्या पीटीच्या बाईंसारख्या आवाजाची. पहिल्या बैठकीला ताई मुद्दाम थांबली. तिनं थोड्या अभिमानानंच सांगितलं, "त्यांना समजतं हं सगळं. इथं यायचा निर्णयही त्यांचाच आहे. मी लिहून घेतलंय."

"बघू," बाई म्हणाल्या आणि आप्पांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "आप्पा, तुम्ही मशिनं दुरुस्त करत होता का?"

"हो."

"तुम्ही विमान चालवत होता का?"

"हो."

"हे दार निळं आहे का?" दार पांढरं होतं.

"हो."

"तुम्ही बाई आहात का?"

"हो," आप्पा म्हणाले, आणि ताईकडं बघून त्यांनी मान डोलावली.

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "सध्या यांच्या 'हो'वर जाऊ नका," त्या ताईला म्हणाल्या. "किती समजतं आणि किती नाही ते हळूहळू कळेल. पण आत 'नाही' असलं तरी तोंडातून 'हो'च पडणार. दुसरं काही तिथं शिल्लक नाही."

"पण मी एकेक वाक्य वाचून दाखवलं त्यांना. दर वाक्याला विचारलं."

"बरोबर. आणि उलटं वाचून दाखवलंत का?"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे घरीच राहायचंय, दुकान देऊ नका, असं. तेव्हा काय म्हणाले?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत ताईनं कुणासमोर दोन मजकूर ठेवले नव्हते, एक हा आणि एक याच्या बरोबर उलटा. तशी गरजच कधी पडली नव्हती. एक लिहायचा, समोर ठेवायचा.

बाई गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि आप्पांच्या समोर बसली. कागद नव्हता, तरी वाचल्यासारखी सावकाश बोलली. "मला माझ्या घरी न्या. मला इथं ठेवू नका."

"हो," आप्पा म्हणाले.

"दुकान कुणाला देऊ नका. मशिनं तिथंच राहू द्या."

आप्पांचे डोळे भरून आले. "हो. हो," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी तिच्या रिकाम्या तळहातावर थोपटलं.

आवारात जाऊन तिनं धाकट्याला फोन लावला.

"अरे, ते आप्पांचं निवेदन. ते मी लिहिलं होतं."

"हो, तूच लिहून घेतलंस ना."

"लिहून घेतलं नाही रे. लिहिलं. माझ्या मनानं. ते नुसते हो म्हणाले."

"तेच ते, ताई. हो म्हणाले म्हणजे त्यांचंच झालं की."

"आज मी उलटं विचारलं. घरी जायचंय का विचारलं. त्यालाही हो म्हणाले."

धाकटा हळू आवाजात म्हणाला, "मग आता काय करायचं म्हणतेस? जिना तर काढला त्यांनी." आणि पुढं म्हणाला, "मी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पोरं येता जाता वाचतात. आजोबा कसे होते म्हणून मी त्यांना तेच दाखवतो. तू दमलीयस, ताई. झोप जरा."

ताईनं ग्रुपवर खुलासा टाकला. सगळं कौशल्य पणाला लावून, कुठंही आडपडदा न ठेवता लिहिला. आप्पांच्या नावानं पाठवलेला मजकूर त्यांचा नव्हता, माझा होता. त्यांना खरोखर काय हवं होतं हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. एका मावसबहिणीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. भावजयीनं लिहिलं, 'तुम्ही किती करता हो त्यांच्यासाठी, आणि वर स्वतःलाच बोल लावता.' आत्यानं फोन करून समजूत काढली, "अगं, लेकीनं बापाचं मन ओळखलं, यात काय चुकलं?" आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळं तोवर ते निवेदन दूरदूरच्या नात्यात जाऊन पोचलं होतं, आणि लोक म्हणत होते, जाताजाताही कसा ताठ बोलला बघा. खुलासा कुणी वाचत नाही. हे ताई स्वतःच नव्या मुलींना शिकवायची.

बैल गेला आणि झोपा केला, तसे ती मग बरेच उद्योग करत बसली. मालकाला भेटली. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांचीच इच्छा होती ना? तुमच्या भावानं वाचून दाखवलं मला. मोठा माणूस." डोळे तपासायच्या खोलीत जिथं आप्पांची खाट होती तिथं अक्षरांचा तक्ता लावला होता. आपल्या फ्लॅटवर आणायचं म्हणून ती केंद्राच्या डॉक्टरांशी बोलली. त्यांनी पहिलाच प्रश्न लिफ्टचा विचारला.

मोठी रजा मागायला ती मुख्य अभियंत्यांकडं गेली तेव्हा त्यांच्याच टेबलावर तिचा एक मजकूर सहीसाठी पडला होता. पूर्व भागात पाणी गढूळ येत होतं, त्याबद्दलचा.

"चालेल," ते सही करत म्हणाले.

"वाचलंत तुम्ही?"

"तुम्ही लिहिलंय म्हणजे वाचायचं काय त्यात."

"नाही, पण तुम्हाला काय म्हणायचंय, सर? पाण्याबद्दल. खरंच काय वाटतं तुम्हाला?"

मुख्य अभियंते गोंधळले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काढला, खिडकीकडं पाहिलं. इतक्या वर्षांत असं त्यांना कुणी विचारलं नसावं. "मला," ते म्हणाले आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले. "मला काय वाटायचंय, ताई? नागरिकांच्या गैरसोयीची पूर्ण जाणीव आहे." मग त्यांनी रजेच्या अर्जावर लिहिलं, पावसाळ्यापूर्वीची कामं संपेपर्यंत थांबावं. ताई थांबली, कारण न थांबून जायचं कुठं हे तिलाही सांगता आलं नसतं.

केंद्रात मात्र थेरपिस्ट बाई चिकाटीच्या होत्या. त्यांनी आप्पांना बोलायला लावणं सोडलं आणि दाखवायला लावलं. समोर दोन वस्तू ठेवायच्या, आणि त्यांनी डाव्या हातानं निवडायची. पहिले कित्येक दिवस ते दोन्हींवर हात ठेवायचे आणि हो म्हणायचे. मग एके दिवशी चहा आणि दूध ठेवलं तेव्हा त्यांनी दुधाचा पेला मनगटानं असा काही ढकलला की तो पलंगाखाली गेला. तोंडानं म्हणाले, "हो." चेहरा पुरता त्रासलेला होता.

बाई टाळी वाजवून हसल्या. आयाही हसल्या. ताईला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं होतं. आप्पांचं नाही परत आलं होतं. ते आता हातात राहायला गेलं होतं, एवढंच. तिनं सांडलेलं दूध स्वतः पुसलं आणि घरी जाताना बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली.

"आता घरचे फोटो आणा," बाई पुढच्या वेळी म्हणाल्या. "माणसं, वस्तू, जागा. आता यांना समजतंय बरंचसं, फक्त बाहेर पडत नाही. आपण विचारायचं आणि त्यांनी दाखवायचं. मग तुम्हाला कळेल त्यांच्या मनात काय आहे ते."

कळेल. ताईनं मान हलवली आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. आता आप्पांना खरंच विचारता येणार होतं आणि ते खरंच सांगू शकणार होते. समजा त्यांनी दुकानाच्या फोटोवर बोट ठेवलं, तर? बोट ठेवून ते उठायला बघतील. चपला घालतील. आणि मग तिथं तुमचा जिना नाही, भिंत नाही, तुमच्या खाटेच्या जागी अक्षरांचा तक्ता आहे, आणि तसं करायला तुम्हीच सांगितलं होतं, हे त्यांना कुणी आणि कसं समजावायचं? सगळे फोटो छापून आले तेव्हा तिनं ते ऑफिसात टेबलावर मांडले. दुकानाचा होता, वरच्या खोलीचा होता, जिन्याच्या पायरीवर आप्पा पेपर वाचत बसलेले होते. ते तिनं वेगळे काढले आणि खणात ठेवून कुलूप लावलं. चहावर थरथर होती. पंप चालू होते, त्या दिवशी तिच्याकडं काही काम नव्हतं.

बाईंनी फोटो आप्पांच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये मांडले. "आत्या कुठाय?" आप्पांनी आत्यावर बोट ठेवलं आणि हसले. "मुलगा?" धाकटा. "मुलगी?" आप्पांनी फोटोकडं न बघता सरळ समोर बसलेल्या ताईकडं बोट केलं, आणि बाई म्हणाल्या, हुशार. मग शिलाई मशिनचा फोटो आला. तो त्यांनी उचलून जवळ धरला, लांब धरला, त्यातल्या चाकावरून अंगठा फिरवला. तो त्यांनी बाजूला स्वतःकडं ठेवून घेतला.

पुढचा फोटो नव्हता. आप्पा थांबले. त्यांनी ट्रेमधले फोटो सरकवून खाली पाहिलं. एकेक उलटा करून पाठ बघितली. मग ट्रेवरून ओणवे होऊन त्यांनी डावा हात ताईच्या पर्सकडं लांब केला आणि पर्सच्या तोंडाशी बोटं नेऊन तिच्याकडं पाहिलं.

"हो?" ते म्हणाले.

आजवर त्यांचं हो कधी असं वर चढलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अरे वा," त्या म्हणाल्या, "आज प्रश्न विचारतायत. काय शोधतायत हो ते? काही राहिलंय का आणायचं?"

ताईनं पर्स मांडीवर ओढून घेतली आणि चेन लावली. शेकडो माणसांच्या मनातलं तिनं त्यांच्या आधी ओळखलं होतं. याइतकं स्पष्ट तिला कधीच कुणाचं कळलं नव्हतं.

"काय की," ती म्हणाली. "मला काही कळत नाही."

आप्पा ऐकत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पर्सकडं, मग पुन्हा तिच्याकडं. हात मागं घेतला. मग ट्रेमधले सगळे फोटो त्यांनी डाव्या हातानं एकावर एक गोळा केले, बाजूला ठेवलेला मशिनचाही त्यावर ठेवला, आणि तो गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवून दिला.